उजव्या नळीतला पडदा

मित्रांनो, माझी ओळख करून देताना सगळे 'एक दुर्बीण' म्हणतात, पण त्यात थोडी चूक आहे. मी दोन दुर्बिणी आहे. एकाच बिजागरीत अडकलेल्या, जन्मभर शेजारी राहून एकमेकींशी कधीच न बोललेल्या दोन नळ्या. आता मी जुनी झाले आहे. कडांचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसतं, आणि गळ्यातला पट्टा तर माझा मूळचा नाहीच.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे धूळ येऊ नये म्हणून सगळे कामगार डोक्याला कापड बांधत. माझ्या पुढच्या भिंगांना एक खोड आहे, ती जगाचं चित्र उलटं करतात. माणसं डोक्यावर उभी, झाडं आभाळात लोंबकळलेली. ते चित्र सुलटं करायला माझ्या पोटात काचेचे लोलक बसवले. शेवटी एका बाईने मला डोळ्यांना लावून समोरच्या भिंतीवरची फुली पाहिली. आधी तिला दोन फुल्या दिसल्या. ती एक बारीकसा स्क्रू फिरवत राहिली, दोन्ही फुल्या एकमेकींत विरघळल्या, आणि मगच माझ्यावर शिक्का बसला.

दुकानात बरेच जण मला हाताळून गेले. रस्त्यापलीकडची पाटी वाचायची, 'छान आहे' म्हणायचं आणि खाली ठेवायचं. एके दिवशी एक तरुणी आली. तिने पाटीकडे पाहिलंच नाही. छपरावर एक कबूतर चालत होतं, ती त्याचे पाय बघत बसली. पाऊल उचललं की त्याची बोटं मिटतात, असं तिने दुकानदाराला सांगितलं. त्याला हे कशाला सांगताय ते कळेना. मला मात्र तेव्हाच वाटलं, हिच्याच घरी जावं.

ती म्हणजे ताई. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथला सूक्ष्मदर्शक माझा लांबचा नातेवाईक, पण त्याला डोळा लावायची जागा एकच. ताई त्याला डावा डोळा लावते आणि उजवा नुसता उघडा ठेवते. तो डोळा मिटायचा नाही, नाहीतर दिवसाअखेर डोकं ठणकतं, असं तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्यामुळे वर्षानुवर्षं डावा डोळा राबला आणि उजवा बसून राहिला. क्रिकेटच्या वेळी ताईने न्याय केला. मैदानावर डाव्याला सुट्टी, काम उजव्याचं. म्हणजे माझ्यातून बघताना ती डावा डोळा मिटून घ्यायची आणि फक्त उजव्या नळीतून पाहायची.

तिच्या धाकट्या भावाला याची फार गंमत वाटे. तो शाळेची बस चालवतो. पन्नाशी ओलांडली, अर्धं डोकं आरशासारखं चकचकीत झालं, तरी ताई त्याला बाळ्याच म्हणते. दोन नळ्या विकत घेऊन एकीतून बघणारी बाई जगात तूच, असं तो तिला चिडवायचा. मग ती म्हणायची, तुझी बस तरी कधी पूर्ण भरलेली असते!

शाळेच्या सुट्ट्या आणि संघाचा दौरा जुळला की दोघं निघत. किती विमानतळांवर पहारेकऱ्यांनी मला उघडून पाहिलं असेल! किती स्वस्त खोल्यांत मी वाळत घातलेल्या मोज्यांखाली झोपले असेन! खरंच सांगते, मित्रांनो, अशा माणसांचं मला फार कौतुक वाटतं. परदेशात आमचा संघ बहुधा हरायचा. आदल्या दिवशी कितीही धुलाई झालेली असो, दुसऱ्या दिवशी ताई कुडकुडत, दार उघडायच्या आधी रांगेत हजर. घरी टीव्ही असताना हा खटाटोप कशाला, असं शेजारणीने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "टीव्हीवर बॉल दिसतो. मॅच नाही दिसत."

तिला आवडायचा तो शॉर्ट लेग. फलंदाजाच्या अगदी पायाशी, उकिडवा बसल्यासारखा वाकून उभा राहणारा क्षेत्ररक्षक. मार खायला पुढे आणि नाव घ्यायला कोणी नाही. एक षटक ताई माझ्यातून बघायची, पुढचं बाळ्या. प्रत्येक वेळी तो बाजूची कडी आपल्या नजरेप्रमाणे फिरवायचा आणि ती कुरकुरत परत आणायची. षटक सुरू होताना ती सगळे क्षेत्ररक्षक मोजायची. कप्तानाने कोणाला कुठे हलवलं हे आधी बघायचं, बॉल नंतर.

एका पावसाळी सामन्यानंतर बाळ्याने मला ओल्या रेनकोटात गुंडाळलं आणि तसंच कपाटावर टाकून दिलं. काचेलाही बुरशी लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? माझ्या उजव्या नळीत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले. कारागिराने मला खोलून साफ केलं, पण ताईने ती गोष्ट काही सोडली नाही. माझ्यात काही कमीजास्त झालं की बाळ्याचा रेनकोट बाहेर निघायचा.

त्यामुळेच गेल्या दौऱ्यात आम्हां सगळ्यांची फसगत झाली.

सुरुवातीला ताईला डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लखलखल्यासारखं वाटलं. माझ्या भिंगावर ऊन चमकत असेल, असं तिने ठरवलं. मग ती हाताने चिलटं वारू लागली. एवढ्या थंडीत चिलटं कुठली, असं बाळ्या म्हणाला. तुझ्या टकलावर घसरगुंडी खेळायला आली असतील, असं तिने सांगितलं आणि विषय संपला.

चौथ्या दिवशी ती षटक सुरू होताना क्षेत्ररक्षक मोजत होती. एक कमी भरला. पुन्हा मोजले, पुन्हा कमी. बाळ्याने नुसत्या डोळ्यांनी मोजले, बरोबर भरले. दोघांचं चांगलंच जुंपलं. शेजारच्या खुर्चीवर रुंद काठाची टोपी घातलेले एक आजोबा रोज येत. ते यजमान संघाचे पाठीराखे होते आणि आयुष्यभर त्याच गावात टपाल वाटून निवृत्त झाले होते. त्यांची भाषा आणि आमची भाषा वेगळी, पण क्रिकेटची एकच. उरलेलं हातवाऱ्यांवर भागायचं. त्यांनी खुणेनेच सांगितलं, तुमच्या कप्तानाने काटकसर सुरू केलेली दिसते.

पाचव्या दिवशी आमच्या संघाला जिंकायला चार बळी हवे होते. परदेशात आपल्या संघाने कसोटी जिंकलेली ताईने इतक्या दौऱ्यांत एकदाही प्रत्यक्ष पाहिली नव्हती. आज मात्र खेळपट्टीवर धूळ उडत होती आणि चेंडू हातभर वळत होता. तिने मला डोळ्याला लावलं आणि लगेच खाली घेतलं.

"उजव्या नळीत पडदा आलाय. खालून, नाकाच्या बाजूने. बाळ्या, पुन्हा ओली ठेवलीस ना हिला?"

"मी हातसुद्धा लावला नाही. आणि पडदा कसला पाडतेस? अजून चार विकेट आहेत."

तिने मला पुसलं, फुंकर घातली. पडदा तसाच. कालच्यापेक्षा मोठाच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की माझ्यात काही नाही, पण दुर्बिणीला दाखवता येतं, बोलता येत नाही. नवीनच घ्यायला हवी आता, असं पुटपुटत तिने मला मांडीवर आपटलं. ते मला लागलं, खोटं कशाला बोलू?

मग तिचा हात थांबला. रोज नमुने तपासणाऱ्या माणसाची बुद्धी जागी झाली असावी. तिने माझी डावी नळी उजव्या डोळ्याला लावली. पडदा होताच. उजवी नळी डाव्या डोळ्याला लावली. पडदा नाही. डावी नळी डाव्याला, पडदा नाही. परत उजवी उजव्याला, आणि तो तिथेच. नळी बदलली तरी पडदा बदलत नव्हता. डोळा बदलला की जात होता.

"पडदा," ती स्वतःशीच म्हणाली, आणि आपलाच शब्द तिने पहिल्यांदा ऐकला. तो नळीतला नव्हता. डोळ्याच्या आत, जिथे चित्र उमटतं, तिथे जो पातळसा पडदा असतो, तो जागचा सुटत होता.

बाळ्याला अजून उलगडा झाला नव्हता. चहाच्या आत आटपेल, मग जाऊ दाखवायला, असं तो म्हणाला. समोर गोलंदाज धावत येत होता. ताईने एक चेंडू पाहिला. शॉर्ट लेगपासून वीतभर पुढे पडलेला झेल पाहिला. माझ्यावरची तिची पकड इतकी घट्ट झाली की बिजागरी करकरली. मग ती उठली.

"बेल्स पडल्या तर अंपायर परत ठेवतो, बाळ्या. हे तसं नाही. चल."

बाळ्याचा चेहरा उतरला. त्याने पिशवी उचलली. आजोबांना सांगायला शब्द नव्हते, म्हणून ताईने डोळ्यावर तळहात अर्धवट सरकवून दाखवला. आजोबा ताडकन उभे राहिले. मागचं दार, मग घड्याळाचा चौक, मग हिरव्या फाटकाचं डोळ्यांचं रुग्णालय. बोटाने तळहातावर रस्ता काढून त्यांनी बाळ्याला तीनदा समजावला. निघताना ताईने मला त्यांच्या गळ्यात अडकवलं आणि शॉर्ट लेगकडे बोट केलं. बॉल बघू नका, याला बघा, आणि मला येऊन सांगा. एवढं त्यांना नीट कळलं.

मित्रांनो, एका संघाची दुर्बीण दुसऱ्या संघाच्या डोळ्यांना लागलेली मी प्रथमच अनुभवली. त्यांनी कडी फिरवली, मला त्या वाकलेल्या माणसावर रोखलं आणि हलवलं नाही. त्यांचे स्वतःचे फलंदाज बाद होत होते, भोवतीचे लोक हळहळत होते, पण आजोबांनी दिलेला शब्द पाळला. मी पुष्कळ प्रेक्षक पाहिले आहेत. इतका प्रामाणिक दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेले. ताई खाटेच्या टोकाबाहेर काढलेल्या, मध्ये पोकळ असलेल्या उशीत तोंड घालून पालथी झोपलेली होती. डॉक्टरांनी पडदा जागेवर बसवून डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला होता. तो वर तरंगतो आणि पडद्याला दाबून धरतो, म्हणून तोंड खालीच ठेवायचं होतं, मुळीच न हलता. ताईला ते जमत नव्हतं. तिची चुळबुळ बघून बाळ्या रडकुंडीला आला होता. सगळा जन्म बसमध्ये पोरं सांभाळली, पण असं एकही नव्हतं, म्हणत होता.

आजोबांनी टोपी काढली आणि ते चक्क जमिनीवर बसले, म्हणजे खाली बघणाऱ्या ताईला त्यांचा चेहरा दिसेल. संघ जिंकला हे तिला बाळ्याकडून कळलं होतं. शेवटचा झेल शॉर्ट लेगने घेतला, हेही. तिला हवं होतं ते वेगळंच.

"त्याचा कुठला पाय आधी हलला?"

बाळ्याने खुणांनी विचारून पाहिलं. आजोबांनी बसल्या बसल्या दाखवलं. फलंदाज पुढे आला. यष्टिरक्षक उठला. स्लिपमधले सगळे अर्धवट उभे राहिले. मग आजोबा गुडघ्यांवर वाकले, दोन्ही तळवे समोर धरले, आणि तसेच राहिले. परिचारिका दारात उभी होती, तीही हलली नाही.

"हललाच नाही, ताई," बाळ्या म्हणाला. "सगळे हलले. तो बॉल येईपर्यंत तसाच."



"मग मलाही जमेल," ती म्हणाली.

आणि जमलं. थोड्या वेळाने उशीतून आवाज आला, मी उठले आणि आपण जिंकलो, आता दर वेळी तिकीट काढून बाहेरच बसायचं की काय! बाळ्या इतका हसला की परिचारिकेने त्याला बाहेर पाठवलं. डोळ्यात वायू असताना विमानात बसता येत नाही. वर हवेचा दाब कमी होतो आणि बुडबुडा फुगतो. म्हणून त्या गावात मुक्काम बराच लांबला, आणि आजोबा रोज येत राहिले, टपाल आल्यासारखे, ठरल्या वेळी.

ताईचा डोळा वाचला. अगदी पहिल्यासारखा नाही. मधला स्टंप किंचित वाकडा दिसतो, असं ती म्हणते, आणि तिची तक्रार मी ऐकून घेते, कारण यात माझा दोष नाही हे तिला आता ठाऊक आहे. हल्ली ती माझ्यातून दोन्ही डोळ्यांनी बघते. पुढच्या दौऱ्याची तिकिटं बाळ्याने काढली आहेत.

मित्रांनो, मला कोरडी ठेवा, झाकणं लावा, काचेवर बोटं उमटवू नका, हे तर मी सांगणारच. पण माझं काही बिघडलं तर कारागीर आहे. तुमचे दोन डोळे एकमेकांना इतकं सांभाळून घेतात की एकाचं दुखणं दुसरा तुम्हांला कळूच देत नाही. म्हणून अधूनमधून एक झाकून दुसऱ्याने बघा, मग दुसरा झाकून पहिल्याने. घरातल्या मोठ्यांनाही बघायला लावा. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. तळहात पुरतो.