रुख्मिणीच्या काळ्या नखाचा कुंचला

मित्रांनो, माझ्या डोक्यावर आता मोजके केस उरले आहेत आणि त्यातले चार लाकडासारखे ताठ झाले आहेत. तरी म्हातारा म्हणून मला हसू नका. खामगावात सिनेमाच्या पाट्या रंगवणारे हातभर लांब ब्रश मी पाहिले आहेत. त्यांनी नट रंगवले, नट्या रंगवल्या. पण माणसाच्या अंगठ्याच्या नखावर वेल काढायची वेळ आली, तेव्हा त्यांच्यातला एकही कामाचा नव्हता. मी होतो. मी एक जुना, वीतभर कुंचला आहे.

माझा जन्म बुलढाण्याचा. तिथल्या एका पाट्या रंगवणाऱ्या कारागिरानं खारीच्या शेपटीचे केस एकेक करून निवडले. ते पाण्यात भिजवून टोकाला टोक जुळवलं, रेशमाच्या दोऱ्यानं बांधलं आणि कबुतराच्या पिसाच्या नळीत ओवलं. मागं बांबूची काडी बसवली. मग मला उजेडात धरून तो म्हणाला, "आता हा मुंगीच्या पायात बी पैंजण घालते." जन्मल्याबरोबर असं कौतुक ऐकलं की माणूसही बिघडतो, मी तर कुंचला. मी तेव्हापासून थोडा गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जानरावांनी मला विकत घेतलं आणि शर्टाच्या खिशात खोचून यष्टीनं खामगावला आणलं. जानराव दातांच्या कवळ्या करत. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाची खुर्ची, मागच्या खोलीत चूल, मध्ये एक पडदा. फळीवर पावडरीचे दोन डबे असत, एकात हिरडीसारखी गुलाबी पावडर, दुसऱ्यात दातासारखी पांढरी. डब्यांवर 'ॲक्रिलिक' असं छापलेलं होतं. जानराव त्याला नुसतं "मसाला" म्हणत. सोबत बाटलीत एक पातळ औषध होतं, त्याचा वास असा उग्र की डोळ्यांत पाणी यायचं. मला आधी त्या औषधात बुडवायचं, मग पावडरीला टेकवायचं. माझ्या टोकावर मोत्याएवढा ओला थेंब बसायचा. तो जागेवर नेऊन ठेवला की थोड्याच वेळात दगडासारखा घट्ट व्हायचा.

जानरावांची बोटं जाड. म्हणून बारीक काम त्यांच्या पत्नी वच्छलाबाई करत. लोक म्हणायचे, "जानरावच्या कवळीनं ऊस खाता येते." नाव जानरावांचं व्हायचं. मला आणि वच्छलाबाईंना मात्र ठाऊक होतं की तो ऊस कोणाच्या जिवावर खाल्ला जातो.

आपलं महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. कापसाचा हंगाम होता. एका दुपारी रुख्मिणी दारात आली. कडेवर वर्षा-सव्वा वर्षाची मुलगी, तिला सगळे बेबीच म्हणत. रुख्मिणी जिनात कामाला होती. कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला आमच्याकडे जीन म्हणतात. तिथं बाया बसून चांगल्या कापसातली डागी कवडी, म्हणजे किडका, पिवळट कापूस, वेचून बाजूला काढत. गेल्या वर्षी लोखंडी दारात सापडून रुख्मिणीच्या उजव्या अंगठ्याचं नख चिरडलं होतं. नवं नख आलं ते मधोमध दुभंगलेलं.

"काकू," ती वच्छलाबाईंना म्हणाली, "तुमच्याकडे दात बसवून मिळते, तं नख काऊन नाई?"

जानराव हसले. "मी आजवर तोंडातच काम केलं, माय. हाताले दात आले तं लोक काय म्हणतीन?"

रुख्मिणी हसली नाही. तेवढ्यात बेबीला खोकल्याची उबळ आली. इवलंसं अंग, पण खोकता खोकता पायापर्यंत हलायचं. रुख्मिणीनं तिची पाठ चोळली आणि मग सगळं सांगितलं. जिनाचे जुने पारखी कडूबा यंदा काम सोडणार होते. पारखी म्हणजे कापसाची चिमूट दोन्ही हातांच्या नखांत धरून, ओढून, धागा किती लांब आहे ते सांगणारा माणूस. रिकाम्या वेळात रुख्मिणी त्यांच्याजवळ बसून ते शिकली होती. "बोटात पारख असलेली ही एकच हाय," असं कडूबांनी जिनाच्या शेठला सांगितलं होतं. सोमवारी परीक्षा होती.

"पण धागा या फुटक्या नखात अडकते अन् तुटते," रुख्मिणी म्हणाली. "वेचणीच्या जागी कापसाचा फुफाटा उडते, काकू. पोरगी दिवसभर तेच नाकात घेऊन राह्यली. पारख्याची बसायची जागा बाहीर ओट्यावर हाय. तिथं हवा साफ असते. मले ती जागा पाह्यजे, दुसरं काई नाई."

वच्छलाबाईंनी पडदा बाजूला सारला. "आत ये. हात दे."

पहिल्यांदा आम्ही गुलाबी पावडरीचं नख केलं. घट्ट झालं, पण दिसायला अगदी हिरडी! जानराव म्हणाले, "याले रोज चूळ भरायले सांगजो." वच्छलाबाईंनी ते कानसेनं खरवडून काढलं आणि पांढऱ्या पावडरीचं केलं. ते मात्र इतकं सुरेख झालं की मी स्वतःवरच खूश झालो. रुख्मिणीनं कनवटीतून कापसाची चिमूट काढली, नखात धरून ओढली आणि डोळ्यांजवळ नेली. पांढऱ्या नखावर पांढरा धागा दिसेच ना! धागा नखाच्या कडेवरच सरळ करायचा असतो. तिथं तो दिसला नाही, तर पारख कशाची करणार?

"कडूबा मांडीवर काळं फडकं घेऊन बसते ना?" वच्छलाबाई म्हणाल्या. "आपण नखच काळं करू."

मित्रांनो, इथं आमची चूक झाली, आणि ती लेकुरवाळ्या घरातच होऊ शकते. काळं म्हटल्यावर दोघींनाही एकच वस्तू सुचली. रुख्मिणीनं बेबीच्या काजळाची डबी काढून दिली. वच्छलाबाईंनी काजळ पांढऱ्या पावडरीत कालवलं. रंग आला, पण नख काही घट्ट होईना. तास गेला तरी मऊच. बेबीनं आईचा अंगठा पकडला आणि तोच हात स्वतःच्या गालावर फिरवला. तीट लावायची ती एवढीशी, इथं तर अर्धा गाल काळा झाला.

जानरावांनी डबीचा वास घेतला. "अवं, घरचं काजळ हे. तूप हाय यात! तुपानं पोळी मऊ होते, तसं नखबी मऊच होईन."

मग वच्छलाबाईंनी कंदिलाची काच उतरवली. आतली कोरडी काजळी कागदावर झाडली, मलमलीच्या फडक्यातून चाळली आणि पांढऱ्या पावडरीत मिसळली. मी औषधात बुडालो, त्या काळ्या पावडरीला टेकलो आणि टोकावर काळा मोती घेऊन वर आलो. एक थेंब नखाच्या मुळाशी, एक मध्ये, एक टोकाला. प्रत्येक थेंब मी हलक्या हातानं पसरवला. या वेळी नख घट्ट झालं. कवळीच्या कानसेनं घासून, खडूच्या भुकटीनं चोळल्यावर ते पिकल्या जांभळासारखं चमकायला लागलं.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण काळी जमीन समोर दिसली आणि वच्छलाबाईंना राहवेना, मला तर त्याहून राहवेना. पांढऱ्या पावडरीनं आम्ही नखाच्या मधोमध कापसाचं फुटलेलं बोंड काढलं. चार पाकळ्या, चार कापसाचे पुंजके. रुख्मिणी अंगठा इकडून तिकडून पाहत राहिली. त्या फुटक्या नखाला ती वर्षभर पदराखाली झाकत आली होती. जाताना मात्र तो हात बाहेर ठेवून गेली.

रविवारी सकाळी ती परत आली, चेहरा उतरलेला. "काकू, बोंड लय गोड हाय. पण धागा नेमका त्याच्यातच लपते."

वच्छलाबाईंनी बोंडावरून एकदा बोट फिरवलं आणि कानस उचलली. मला फार राग आला. एवढं सुंदर काम कुणी पुसतं का? पण त्यांनी पुसलं आणि म्हणाल्या, "जिथं तुले पाह्यचं हाय, तिथं मी काई काढणार नाई." मग नखाच्या अगदी मुळाशी, कातडीला लागून, माझ्या एकाच केसाच्या टोकानं त्यांनी एक बारीक वेल काढली. बाकी सगळं नख काळंभोर, मोकळं. ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान आणि सर्वांत चांगलं काम आहे.

सोमवारी वच्छलाबाईही जिनात गेल्या. ऐनवेळी नख उडालं तर दुरुस्तीला म्हणून मला त्यांनी अंबाड्यात खोचलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी वरून पाहिलं. ओट्यावर दिवाणजी महादेवराव बसले होते, बाजूला कडूबा. बेबी खाली आवारात दुसऱ्या एका बाईच्या मांडीवर होती.

महादेवरावांनी नख पाहिलं. "काऊन वं, पारख करायले आली का मिरवायले?"

मागच्या बाया खुदखुदल्या. रुख्मिणी म्हणाली, "दिवाणजी, तुमी पागोटं घालून पारख करता, मी वेल घालून करीन." आता बाया मोठ्यानं हसल्या, कडूबांनी मिशीवर हात ठेवला.

समोर कापसाचे पाच पुंजके मांडले होते. लांब धाग्यापासून आखूड धाग्यापर्यंत ते ओळीनं लावायचे होते. रुख्मिणीनं चार भराभर लावले. पाचव्यापाशी थांबली. चिमूट ओढली, पुन्हा ओढली.

"हा एक कापूस नाई. दोन हाय."

"एकाच गाडीतला हाय तो," महादेवराव म्हणाले. "मी सोता उतरवून घेतला. जमत नसन तं सांग तसं."

शिकवणारे म्हणून कडूबांना बोलायची मनाई होती. तेवढ्यात खालून बेबीचा खोकला ऐकू आला. रुख्मिणीनं एक श्वास घेतला, नवी चिमूट ओढली, धागे नखावर सरळ केले आणि अंगठा उन्हात धरला. "तुमीच पाहा."

काळ्या नखावर ते धागे स्पष्ट दिसत होते. अर्ध्या धाग्यांची टोकं एका रेषेत पुढं, अर्ध्यांची गव्हाच्या दाण्याएवढी मागं. महादेवराव वाकले. चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा वाकले. मग हमालाला हाक मारली. हमाल म्हणाला, "हाव ना दिवाणजी, वरचा कापूस मळ्यातला होता, बुडातला कोरड्या, मुरमाड बरडावरचा. त्या गाडीवाल्यानं दोन वावरातला एकत्र भरला होता."

महादेवरावांनी पाचवा पुंजका उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "कडूबा, हिच्यासाठी ओट्यावर बस्कर टाका. अन् पोरीची झोळी कुठं बांधता, ते पाहा."

त्यानंतर माझे वैभवाचे दिवस आले. नख वाढतं तशी वेल पुढं सरकते, म्हणून दर वीस दिवसांनी रुख्मिणी यायची आणि आम्ही मुळाशी नवी वेल काढायचो. संक्रांतीला काळं चालतं, म्हणून जिनातल्या बायाही यायला लागल्या. कुणाला मोर हवा, कुणाला तुळस. वच्छलाबाई प्रत्येकीला आधी विचारत, "तू या हातानं काय काम करतं?" त्यावरून नक्षीची जागा ठरायची. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत बेबीचा खोकला गेला. ती ओट्यावरच चालायला शिकली.

आणि मग एकदा जानरावांनी घाईत माझ्याकडून एक मोडका कंगवा जोडून घेतला आणि मला न धुता तसंच कपात डोक्यावर उभं करून ठेवलं. सकाळपर्यंत माझे चार केस कायमचे गोठले. वच्छलाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पंधरा-वीस दिवस मी फळीवर धुळीत पडून होतो. नवा ब्रश आला, गुळगुळीत दांडीचा. पण रुख्मिणीनं त्याची वेल पाहिली आणि म्हणाली, "काकू, ही जाड झाली. जुनाच काढा ना." मला शोधून, पुसून काढलं. ताठ केस बाजूला वळवून उरलेल्यांनी मी वेल काढली, आणि ती सरळ आली.

मित्रांनो, तुमच्या घरात सुई असेल, कात्री असेल, माझ्यासारखा एखादा कुंचला असेल. काम झालं की ते तिथल्या तिथं धुवा, पुसा, टोक वर करून ठेवा. थकला असाल तरी उद्यावर टाकू नका. ते हत्यार दिसायला लहान असतं, पण कुणाचा तरी सोमवार त्याच्यावर अवलंबून असतो.