न्हाणीतला गिझर

देवकाबाई आंघोळ करून बाहेर आल्या त्या भिंतीला धरूनच. ओसरीपर्यंत कशाबशा पोचल्या आणि मटकन खाली बसल्या.

"डोस्कं गरगरून राहिलं वो," एवढंच म्हणाल्या आणि त्यांना कोरड्या उलट्या सुरू झाल्या.

धाकटी सून दुर्गेश्वरी धावली. सासूला अंगणात मोकळ्या हवेत बसवून ती न्हाणीत शिरली. नळ बंद होता, पण भिंतीवरचा जुना गॅस गिझर भडभडून पेटलेलाच. आतलं पाणी खदखदत होतं, कोंडलेल्या हवेनं डोळे चुरचुरत होते. तिनं आधी सिलेंडर बंद केला.

"वॉल्व अडकते त्याचा," आरशासमोर दाढी करणारा हेमेंद्र म्हणाला. तो घरातला थोरला, दुर्गेश्वरीचा भासरा, म्हणजे मोठा दीर. "हातोडीनं ठोकला का होते बंद. मायचं वय झालं, चक्कर येनारच."

बिरसीच्या त्या घरात धाकट्या सुनेनं भासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. नवरा भिलाईला नोकरीवर. त्यामुळे काही सांगायचं तर सासूच्या आडून. पण सासू तर अंगणात पांढरीफटक पडली होती. दुर्गेश्वरीनं सिलेंडरवरचा रेग्युलेटर खटकन काढला, आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

हेमेंद्र अर्ध्या फेसाच्या तोंडानं उठला. "हे काय चाललं? उद्या माह्या पोरीले पाहाले बालाघाटचे पाव्हने येऊन राहिले. त्याइले काय थंड्या पान्यानं आंघोळ घालू? माय, सांग इले."

"मायले कायले मधात घेता, भाऊजी?" दुर्गेश्वरी म्हणाली. पदर डोक्यावर न घेता खांद्यावरच होता, आवाज मात्र चांगलाच वर. "मी चुलीवर हंडे तापवीन. पाव्हन्याइले पानी मिळंल. पन हा गिझर नीट झाल्याबिगर पेटनार नाई."

"घर माह्या नावावर हाये!"

"असू द्या. किल्ली माह्यापाशी हाये."

दारात घुटमळणारी शेजारीण हळूच आपल्या घरात सटकली. हेमेंद्र पाय आपटत गेला आणि दुपारी गोंदियाहून नंदलाल मिस्त्रीला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. मिस्त्रीनं गिझरचा पत्रा उघडला. नळ बंद झाल्यावर पाण्याचा जोर सरतो, आतली पिन मागं येते आणि गॅस बंद होतो. तीच पिन गंजून रुतली होती आणि तिच्यामागचा रबरी पडदा तडकला होता.

"पिन घिस देता हूँ, भैया. चल जाएगा," नंदलाल म्हणाला.

"बस, बस," हेमेंद्रचा जीव भांड्यात पडला.

"नाई चालत," दुर्गेश्वरी मध्येच उभी राहिली. "घासलेली पिन पुन्हा गंजंल. नवा वॉल्व आना. अन् गिझर न्हानीत नाई, भाईर पडवीच्या भिंतीले लावा. आत फक्त पान्याचा पाइप, म्हंजे गॅसची हवा न्हानीत कोंडनार नाई."

"पुराना मॉडेल है, भाभी. नागपूर से मंगाना पडेगा. टाइम लगेगा."

"लागू द्या. तवर चूल हाये ना."

हेमेंद्रनं आईकडं पाहिलं. देवकाबाई घोंगडी पांघरून बसल्या होत्या. त्यांनी मान फिरवली. "मी नाई जात आता त्या न्हानीत," त्या म्हणाल्या. "धाकटी म्हनते तसंच कर."

पाहुणे आले, राहिले, हंड्यातल्या धुरकट पाण्यानं न्हाले आणि मुलगी पसंत करून गेले. गिझरविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

नवा वॉल्व आला तेव्हा दुर्गेश्वरी मिस्त्रीच्या बाजूला ठाण मांडून बसली. प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावायला लावला. कुठं बुडबुडा दिसतो का, वाकून पाहिलं. मग स्वतः नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. नळ बंद केला की ज्योत झटकन विझायची. मिस्त्री कंटाळला, तिनं त्याला चहा दिला आणि पुन्हा नळ सोडला.

रेग्युलेटर त्यानंतरच कपाटातून निघाला.

हेमेंद्रनं मात्र त्या गिझरचं पाणी अंगावर घेतलं नाही. हिवाळाभर तो हातपंपावर दात वाजवत आंघोळ करत राहिला आणि शिंकत शिंकत शेताकडं जात राहिला. देवकाबाईंनी दुर्गेश्वरीला एकदा सुचवलं, "दोन शब्द गोड बोल, मानंल तो."

"कायले?" दुर्गेश्वरी तांदूळ पाखडत म्हणाली. "गरम पानी हाये, न्हानी हाये. त्याइची मर्जी."

आणि तिनं सूप जोरात आपटलं.