चढावर मरणारी गाडी

वीटभट्टी मागं पडली, चढ लागला, आणि गाडीनं रोजच्यासारख्या दोन उचक्या दिल्या, एक सुस्कारा टाकला आणि मान टाकली.

"मर," दूधवाली म्हणाली. "मर मेले. पण एकदाच काय ते मर ना! रोज उठून कसली मरतेस?"

मागं दोन्ही अंगांना दुधाचे भरलेले कॅन लोंबत होते. ऊन पाठीवर चढत होतं. पाय रोवून तिनं गाडी सावरली, स्टँडवर घेतली आणि किक मारायला लागली. किक मारायची, शिवी घालायची. पुन्हा किक, पुन्हा शिवी. शिव्या संपत आल्या तरी गाडी हुं की चुं करीना. मग ती वैतागून दगडावर बसली. बऱ्याच वेळानं उठून सहज किक मारली, तर गाडी पोटभर झोपून उठल्यासारखी टरटरत चालू! थोडं गेली आणि पुन्हा आडवी.

दूधवाली म्हणजे मुळात दूधवाल्याची बायको. गावातल्या गोठ्यांचं दूध सकाळी गोळा करून डेअरीत घालायचं काम नवऱ्याचं. पण त्याला कुठूनसा हिरव्या रंगाचा डबा मिळाला. आधी त्यानं गाडीची टाकी रंगवली. हात थांबेना, म्हणून उरलेला रंग घेऊन गोठ्याच्या पत्र्यावर चढला. पत्रा जुना, हा वजनदार. पत्र्यानं सरळ त्याला खाली सोडून दिलं. गाय वाचली, नवऱ्याचा पाय मोडला. तेव्हापासून तो प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ओसरीतल्या खाटेवर पडून होता, आणि गाडी बायकोच्या हातात आली होती. चालवायला ती माहेरीच शिकलेली. भाऊ दुपारी झोपला की त्याची गाडी पळवायची, हीच तिची शाळा.

त्या दिवशी डेअरीत पोचेपर्यंत दुपार व्हायला आली. डेअरीवाल्यानं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"हे दूध आहे होय?"

"सकाळी होतं," ती म्हणाली.

"आता नाही. घेऊन जा."

नासकं दूध घेऊन ती तशीच बाजारात फिटरकडं गेली. या फिटरला सगळे 'वस्ताद' म्हणायचे. असं म्हणायला त्यानंच शिकवलेलं. त्याच्याकडं तिची ही कितवी फेरी, ते गाडीलाच ठाऊक. त्यानं दर वेळी तेच केलं. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं, प्लग काढला, पुसला, बसवला आणि किक मारली. गाडी वाघासारखी गुरगुरली.

"बघा वहिनी. काय झालंय हिला?"

"इथं काही होत नाही. रस्त्यात मरते."

"गाडी चांगली आहे. चालवणाऱ्याचा हात लागतो. बाईमाणसाचा हात ओळखत नाही ती."

दूधवालीनं गाडीला लोंबणाऱ्या कॅनकडं बघितलं. नासलेलं दूध याच्या डोक्यावर ओतावं असं तिला फार वाटलं. पण तेवढ्यात तिची नजर जमिनीवर पसरलेल्या पान्यांवर गेली.

"वस्ताद, दोन पाने द्या मला. आणि तो प्लग खोलायचा पाईप."

"काय करणार?"

"एक तर गाडीत घालीन, नाही तर तुमच्या टाळक्यात. वाटेत ठरवते."

फिटर हसला. पण पाने दिले. बाईच्या डोळ्यांत हसू नव्हतं, ते त्यानं बघितलं होतं.

घरी आली तर ओसरीसमोर निम्मा गाव. दूध नासल्याची बातमी गाडीच्या आधी पोचलेली. पुढं उभा होता तिचा चुलत दीर, टमटमवाला. तोंडावर दुःख आणि आवाजात लाडू.

"वहिनी, तुमचा दोष नाही हो. पण लोकांच्या दुधाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, आपली टमटम रिकामीच जाते. परवापासून मीच नेतो सगळ्यांचं."

"परवापासून का? उद्यापासून न्या की!"

"उद्या मला लग्नाचं भाडं आहे," टमटमवाला ओशाळून म्हणाला.

"मग उद्याचा दिवस माझा," दूधवाली म्हणाली. "उद्या दूध नासलं, तर परवा माझ्या गोठ्यातलं दूधसुद्धा तुमच्या टमटममध्ये. स्वतः आणून ठेवीन."

लोक गेले. नवरा खाटेवरून ओरडला, "अगं, कुणाला विचारून बोललीस? ही गाडी कोण नीट करणार?"

"मी."

"तू?"

"तुमचा पाय रिकामा असता तर तुम्हाला म्हटलं असतं."

अंगणात पोतं अंथरून ती बसली. सासूबाई भाजी निवडायच्या निमित्तानं शेजारी येऊन बसल्या. असा तमाशा घरबसल्या रोज कुठं मिळतो?

नवऱ्यानं खाटेवरून कारभार हातात घेतला. "आधी ते काढ. ते... नळीसारखं आहे ना, त्याच्या खालचं."

"इथं तीन नळ्या आहेत."

"मधली!"

"मधली कुठली, इकडून की तिकडून?"

"आता मला काय सगळ्यांची नावं पाठ आहेत?"

सासूबाईंनी शेंग मोडली. "लहानपणी यानं घरातलं घड्याळ उघडलं होतं," त्या सुनेला म्हणाल्या. "अजून त्यात सव्वातीनच वाजलेत."

"आई, तू गप्प बस!"

"मी कुठं बोलते? घड्याळ बोलतंय."

तेवढ्या दुपारात दूधवालीला एक गोष्ट कळून चुकली. इतकी वर्षं गाडी घेऊन हिंडणाऱ्या तिच्या नवऱ्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बिघडली की फिटरकडं न्यायची आणि फिटरसारखी मान हलवायची, एवढंच त्याचं ज्ञान. मग तिनं त्याच्याकडं कान देणं सोडलं. पेट्रोलची नळी कुठून निघते, कुठं जाते, ते बोटानं चाचपत गेली. पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी उपसली, कार्बोरेटर सोडवला. काढलेली प्रत्येक वस्तू ताटात ओळीनं मांडली, म्हणजे उलट्या क्रमानं परत बसवता येईल. कार्बोरेटरच्या तळाशी गाळ होता. तो धुतला, बारीक भोकात फुंकर मारली. हाताची सालं निघाली, पेट्रोलनं जखमा चरचरल्या. सगळं परत बसवलं तेव्हा ताटात एक स्क्रू उरला.

"हा कशाचा गं?" सासूबाईंनी विचारलं.

दूधवालीनं सगळं पुन्हा उघडलं.

संध्याकाळी गाडी चालू झाली. अंगणातल्या अंगणात छान चालली. पण अंगणात तर ती आधीही चालतच होती.

सकाळी लोकांनी दूध घातलं खरं, पण तेरावं घातल्यासारख्या चेहऱ्यानं. वीटभट्टी गेली. चढ आला. गाडीनं उचकी दिली.

"नको गं," दूधवाली पहिल्यांदाच तिच्याशी प्रेमानं बोलली. "आज नको बये."

गाडी मेली.

तिला रडू आलं. रडत रडतच तिनं विचार केला, पेट्रोल तरी आहे का? टाकीचं झाकण फिरवलं. झाकण जागचं हलेना. कुणी आतून धरून ठेवल्यासारखं. जोर लावला तेव्हा निघालं, आणि आवाज आला... फुस्स. टाकीनं मोठा श्वास आत घ्यावा तसा.

पेट्रोल भरपूर होतं. तिनं झाकण लावलं, किक मारली. पहिल्याच किकला गाडी चालू.

पुढच्या वळणावर पुन्हा उचकी. या वेळी ती खाली उतरलीच नाही. बसल्या बसल्या झाकण उघडलं. फुस्स! किक. चालू.

दूधवाली गाडीवर तशीच बसून राहिली. तिला आठवला घरातला तेलाचा डबा. एकच भोक पाडलं की तेल जरा गळतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडून वारा आत गेला की मग धार लागते. हे तर घरात कुणालाही कळतं! टाकीतून पेट्रोल खाली जाणार, तर वर वारा यायला नको? तिनं झाकण उलटंपालटं करून बघितलं. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असावं अशी खूण होती. आणि ते भोक हिरव्या रंगानं गच्च लिंपलेलं होतं.

"अरे माझ्या चित्रकारा!" ती माळरानावर एकटीच ओरडली.

जवळ सुई नव्हती. मग झाकण नुसतं टेकवून ती निघाली. पेट्रोल मांडीवर उडत होतं, कॅन खणखणत होते, आणि गाडी न मरता चढ चढत होती. डेअरीवाल्यानं नाक आत घातलं आणि आतच ठेवलं.

"बरं आहे की!"

"घ्या ओतून. मला जायचंय."

परत येताना सरळ घरी न जाता तिनं गावातून उगाचच एक फेरी मारली. रिकामे कॅन इतके वाजत होते की ओट्यावर डुलक्या घेणारी म्हातारी माणसंसुद्धा उठून बसली. टमटमवाल्याच्या दारासमोर तर तिनं दोनदा हॉर्न दिला. तो लग्नाच्या भाड्याला गेला होता, पण बायको होती, सांगेल.

घरी सासूबाईंनी गोधडी शिवायची सुई काढून दिली. रंगाचा खवला टचकन निघून तिच्या बोटाला चिकटला. नवरा मान उंच करून बघत होता.

"काय होतं?"

तिनं झाकण त्याच्या हातात दिलं. त्यानं भोकातून उजेड बघितला, मग तिच्या बोटावरचा हिरवा खवला बघितला.

"रंग चांगल्या प्रतीचा होता," तो शेवटी म्हणाला. "उगाच नाही इतका घट्ट बसला."

सासूबाई हसता हसता भिंतीला टेकल्या.

आठवड्याभरात बाजारात फिटर सगळ्यांना सांगत सुटला, "झाकणाचं भोक मीच दाखवलं वहिनींना." येईल त्या गाडीच्या झाकणात तो आता सुई खुपसतो. दूधवालीनं हे ऐकलं आणि पाने परत द्यायचे ते दिलेच नाहीत.

पानेही रिकामे बसले नाहीत. चेन सैल झाली, तिनं ताणली. ब्रेक घासला, बदलला. एकदा क्लचची तार उलटी बसवली आणि गाडी तिला घेऊन शेणाच्या ढिगात गेली. तेही गावानं बघितलं आणि हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी दूध मात्र वेळेवर गेलं.

नवऱ्याचं प्लास्टर निघालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पहाटेच तयार झाला. कॅन अडकवले, गाडीवर टांग टाकली, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा. बऱ्या झालेल्या पायाला घाम फुटला. दूधवाली उंबऱ्यावर चहा पीत होती. तिनं नुसत्या आवाजावरनंच ओळखलं, प्लग काळा पडला असणार. पण ती उठली नाही.

नवऱ्यानं गाडीकडं बघितलं. रस्त्याकडं बघितलं. फिटरचं दुकान उघडायला अवकाश होता. मग तो खाली उतरला, बायकोसमोर येऊन उभा राहिला आणि जमिनीकडं बघत म्हणाला,

"मला येत नाही हे."

गोठ्यात धार काढणाऱ्या सासूबाईंचे हात थांबले. पोटच्या पोराच्या तोंडून हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

दूधवालीनं चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि पोतं अंथरलं.

"बसा," ती म्हणाली. "बाह्या वर करा आधी."