डावीकडची कोरी जागा

मित्रांनो, मी लातूरमधल्या एका फ्लेक्सच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर आहे. आता माझ्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आहे आणि कव्हरवर धूळ. काम काही उरलेलं नाही, तरी मला चैन पडत नाही. एक गोष्ट माझ्या पोटात अडकून बसली आहे.

माझे भाग वेगवेगळ्या खोक्यांतून आले. दुकानाचे मालक बसवंतभाऊंनी ते जोडून घेतले आणि मला काचेच्या दारासमोर बसवलं. समोरच्या रस्त्यावर क्लासच क्लास होते. बारावीचा निकाल लागला की माझा पंखा दिवसभर घरघरत राही. पोरांचे चेहरे, त्याखाली मार्क, वर क्लासचं नाव, असे वीस-वीस फुटांचे फलक माझ्यावर तयार होत. एक फाइल मिटायच्या आत दुसरी उघडे. लोक म्हणत, "काय मशीन आहे!" मला ते ऐकायलाही सवड नसे.

माझ्यावर काम करायची शिवगंगा. तिच्या हाताला घाई माहीत नव्हती. नव्या मुलींना ती शिकवायची, "कॅनव्हास म्हणजे चित्राखालचा कागद. तो वाढवला तर चित्र आहे तेवढंच राहतं, भोवती कोरी जागा मिळते. पण लहान केला तर बाहेर राहील ते कापलं जातं." तसं कापण्याआधी मी एकदा विचारतो. बोलता येत नाही, म्हणून पडद्यावर लिहून विचारतो.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये केवळाबाई आल्या. औसा तालुक्यातल्या, भूकंपात पडलेल्या गावच्या. त्यांच्या धाकट्या मुलाला, सत्यमला, डॉक्टरकीला जागा मिळण्याएवढे मार्क पडले होते. त्याच्या क्लासचा फलक माझ्यावरच बनत होता. केवळाबाईंनी पदरातून एक फोटो काढला. सत्यमच्या बारशाचा. मांडीवर तान्हा सत्यम, आणि डाव्या कडेला त्यांचा पदर धरून उभी सात वर्षांची सुकन्या.

"त्र्याण्णवला तिसऱ्या दिशी मातीतून निघाला ह्यो फोटू. माझी लेक न्हाई निघाली जित्ती," त्या म्हणाल्या. "मोठा करून दे, बाई. सत्यम आता बाहेरगावी ऱ्हाणार. दोघं लेकरं एका फोटूत असावी त्याच्यापाशी."

शिवगंगाने तो फोटो स्कॅनरवर हळूच ठेवला. स्कॅन झालं, पण उचलताना डावीकडचा पापुद्रा काचेलाच चिकटून राहिला आणि बोट लावताच त्याची भुकटी झाली. केवळाबाईंनी झटकन हात पुढे केला.

"घाबरू नका, मावशी," शिवगंगा म्हणाली. "सगळं आत आलंय. संध्याकाळी या."

मित्रांनो, आता ती मुलगी फक्त माझ्यापाशी होती.

दुपारी शिवगंगा जेवायला गेली. क्लासच्या सरांचा फोनवर फोन येत होता. बसवंतभाऊ मोबाइल खांद्याशी दाबून माझ्यासमोर बसले. "हाव सर, करायलोच की," असं म्हणत त्यांनी तो फोटो पाहिला. डावीकडे चिखलाचा मोठा डाग होता आणि सुकन्या त्या डागातच होती, पुसट, सावलीसारखी. ही खराब बाजू उडवली की हे काम संपेल आणि शिवगंगा फलकाला मोकळी होईल, असा त्यांनी हिशेब केला. त्यांनी कॅनव्हासची रुंदी डावीकडून पाव भागाने कमी केली.

मी विचारलं, "नवा कॅनव्हास लहान आहे. चित्राचा काही भाग कापला जाईल. पुढे जायचं का?"

त्यांनी न वाचता 'हो' दाबलं. मग जुन्याच नावाने फाइल साठवली आणि मिटली. माझा पंखा जोरात फिरत होता. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

संध्याकाळी केवळाबाईंनी पडद्याजवळ तोंड आणलं. "माजी सुकन्या कुठं हाय?"

शिवगंगाचा चेहरा उतरला. तिने सगळे फोल्डर धुंडाळले. दुसरी प्रत नव्हती. फलकांच्या गडबडीत तिनेही ठेवली नव्हती. उरली होती फक्त चार इवलीशी बोटं, पदराचं टोक मुठीत धरलेली.

बसवंतभाऊ खुर्चीवरून उठले. "मावशी, मीच कापलं. मला ती दिसलीच न्हाई."

केवळाबाईंनी पडद्यावरच्या त्या बोटांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "फोटूवाल्यालाबी दिसंना झाली होती. लई लाजरी. माझ्या मागं लपत होती."

शिवगंगाने कॅनव्हास डावीकडे पुन्हा पहिल्याएवढा वाढवला. मी जागा दिली, पण कोरी, पांढरी. गेलेलं मला परत देता येत नाही. ती अडखळत म्हणाली, "मावशी, दुसऱ्या एखाद्या मुलीचा फोटो इथे बसवू का? कुणाला कळणार नाही."

"मला कळंल की," केवळाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची लेक तिथं उभी करू नको, बाई. तिची जागा तेवढी ऱ्हाऊ दे. सत्यमला मी सांगीन, तुझी अक्का हितं उभी होती."

सरांचा फोन वाजत राहिला. बसवंतभाऊंनी तो उचलला नाही. त्यांनी स्वतः तो फोटो छापून चौकटीत बसवला आणि केवळाबाईंना बसपर्यंत सोडायला गेले.

त्यानंतर दुकानात नियम झाला: आलेल्या फोटोची एक प्रत आधी बाजूला ठेवायची, तिला हात लावायचा नाही. बसवंतभाऊ माझा प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचू लागले. मग माझ्याहून वेगवान मशीन आलं आणि मी कोपऱ्यात गेलो.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्यासमोरचं यंत्र काही विचारत असेल, तर बोट उचलून धरा आणि आधी वाचा. ज्या डागाला तुम्ही खराब म्हणता, त्यात कुणाची तरी लेक उभी असू शकते.