नीळ घालायची राहिली

शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण घरात आणि कॉलेजात तिला सगळे खडूच म्हणत. लहानपणी ती भिंतीचा चुना आणि फळ्याचे खडू चवीने खायची. हे नाव ठेवलं आत्याने, आणि बाबा पाठीत धपाटा घालायला धावले तेव्हा "खाऊ दे रे, पोटात मूर्ती घडेल" म्हणून मध्ये पडली तीही आत्याच. पुढे पोरगी खरोखरच शिल्पकला शिकायला गेली, तेव्हा आपलं भाकीत खरं झालं असं आत्याने सगळ्या बसस्थानकाला सांगून टाकलं.

बसस्थानकाला काही सांगणं तिला अवघड नव्हतं. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय हे काचेच्या खोलीत बसून माइकवर सांगायचं, हीच तिची नोकरी. घरी आल्यावर माइक बंद व्हावा की नाही? पण नाही. भाजी निवडताना, केस विंचरताना, अगदी झोपेत कूस बदलतानासुद्धा तोंडाचा पट्टा चालूच. आणि नेमकं त्याच तोंडात, डाव्या जबड्यात, दुखणं निघालं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हाड काढावं लागेल, किती ते उघडल्यावर कळेल, चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही. खाट मिळायला मात्र चार-पाच महिने लागणार होते.

त्या दिवसांत खडू शेवटच्या वर्षाच्या कामासाठी प्रेरणा शोधत होती. शोधत कसली, तिने वर्षभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. भंगारवाल्याकडून दातेरी चाकं आणली, पोती फाडून टांगली, तारा वाकवून वाकवून बोटांना घट्टे पाडून घेतले. प्रत्येक वेळी सर यायचे, हाताची घडी घालून कामाभोवती एक फेरी मारायचे आणि शांतपणे विचारायचे, यात तू कुठे आहेस? ती कुठेच नसायची. मग तिला झोप यायची नाही. वर्गातल्या बाकीच्यांना काहीतरी सुचतंय, आपणच तेवढे कोरडे ठणठणीत आहोत, उगाच एक जागा अडवून बसलोय, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तारांचं काम आत्या एकदा बघायला आली, तर म्हणाली, "छान आहे. यावर कपडे घालायचे का वाळत?"

पण दवाखान्यातून आल्यावर आत्या जे बोलली, ते थट्टेत बोलली नाही. ती म्हणाली, "ते लोक कापाकापी करतील त्याच्या आधी माझं तोंड करून ठेव."

झालं. जी प्रेरणा ही बाई गावभर हुडकत हिंडत होती, ती स्वयंपाकघरात बडबडत बसली होती. पण म्हणून खडूला हायसं वाटलं असेल, तर ते विसरा. तारा बिघडल्या तर भंगारात जातात. हे बिघडलं, तर आत्याचा आत्ताचा चेहरा पुन्हा कुठे बघायला मिळणार?

काम संपल्यावर आत्या रोज कॉलेजच्या स्टुडिओत यायची आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची. खडूने लोखंडी सांगाडा उभा केला, माती चढवली. कपाळ जमलं, नाक जमलं, तोंड मात्र काही केल्या जमेना. आत्या गप्प बसली की तो चेहरा कुणा परक्या बाईचा दिसायचा, आणि बोलायला लागली की जबडा एका जागी ठरायचा नाही. खडू मिटलेले ओठ करायची आणि मोडायची. रात्री ओलं फडकं गुंडाळून घरी जायची ती जीव टांगणीला लावूनच. माती वाळली तर, तडा गेला तर, ही गप्प बाईच शेवटी आत्या म्हणून उरली तर?

मग एकदा, खडू पाठ करून माती मळत असताना, आत्याने तिला काहीतरी सुनवायला हाक मारली. खडू वळली. "खडू"मधला ख म्हणून झाला होता, डू अजून यायचा होता. ओठ जरासे उघडे, डावीकडे किंचित जास्त, खालचा एक दात पुढे. खडूने पुढचं ऐकलंच नाही. दिवस मावळेपर्यंत तिने ते अर्धं उघडं तोंड मातीत धरलं, आणि सरांनी त्या दिवशी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

आता राहिलं साचा काढणं. हे काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मातीच्या डोक्यावर प्लास्टरचे दोन थर देऊन साचा करतात. माती आतून उकरून काढून टाकायची, म्हणजे मूळ काम गेलंच. रिकाम्या साच्याला आतून साबण लावायचा, म्हणजे चिकटत नाही, त्यात पुन्हा प्लास्टर ओतायचं, आणि ते घट्ट झालं की वरचा साचा छिन्नीने फोडून काढायचा. साचाही पांढरा, आतली मूर्तीही पांढरी. म्हणून साच्याच्या पहिल्या पातळ थरात नीळ मिसळतात, कपड्यांना घालतात तीच. फोडता फोडता निळं दिसलं की हात आवरायचा, कारण त्याच्या खाली चेहरा असतो.

प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. खडूने पहिल्या थरासाठी घमेल्यात पाणी घेतलं, प्लास्टर सोडलं आणि फोन वाजला. बाबा होते. दवाखान्यात खाट रिकामी झाली होती, तारीख अलीकडे आली होती, आत्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच न्यायचं होतं. खडू नुसती हो, हो म्हणत राहिली. फोन ठेवला तेव्हा घमेल्यातलं दाट व्हायला लागलं होतं. तिने घाईघाईने ओंजळी भरून ते मातीवर उडवलं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, हात मात्र सवयीने चालले होते. वरचा जाड थर झाला, माती निघाली, साबण लागला, आत प्लास्टर ओतून झालं. सगळं कसं नीट, अगदी शिकवल्याप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गातला लंबू खिडकीपाशी चहा पीत उभा होता. त्याने तिथली पुडी उचलून विचारलं, ही तुझीच ना? नीळ होती. पुडीचं तोंडसुद्धा उघडलेलं नव्हतं.

खडू तशीच जमिनीवर बसली. समोर कलिंगडाएवढा पांढरा गोळा, आत कुठेतरी आत्या, आणि साचा कुठे संपतो नि गाल कुठे सुरू होतो ते सांगणारं काहीही नाही. सर आले. ओरडले नाहीत, उलट समजुतीनेच बोलले. म्हणाले, मागच्या बाजूने सुरू कर, आवाजाकडे कान ठेव, नाहीतर सोडून दे, दुसरं कर, परीक्षेची तारीख मी वाढवून घेतो. माणूस भला, पण त्यांना तिची परीक्षा दिसत होती. दुसरं कशावरून करणार? माती पिंपात परत गेली होती आणि आत्या संध्याकाळी दवाखान्यात.

तिने मागून सुरुवात केली. टाळू, मानेचा मागचा भाग, अंबाडा. तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी चालण्यासारखं होतं. मग उजव्या कानाशी छिन्नी घसरली आणि पाळीचा तुकडा टणकन फरशीवर पडला. तो आत्याचा कान होता की साच्याचा तुकडा, हे उचलून बघेपर्यंत तिला कळलं नाही. कानच होता. तिने छिन्नी खाली ठेवली आणि पुन्हा हातात घ्यायची तिची छाती होईना.

दुपारी आत्या दारात उभी. खांद्याला दवाखान्याची पिशवी, बाहेर बाबा गाडी चालू ठेवून थांबलेले. लंबूनेच फोन केला होता, आगाऊ कुठला. आत्याने तो पांढरा गोळा बघितला, कानाचा तुकडा बघितला आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. मग नेहमीच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, त्या कानाला तसंही कमीच ऐकू येतं, पुढचं बोल.

पुढचं म्हणजे काय, ते खडूला सुचायला वेळ लागला. मग तिने डावा हात आत्याच्या कपाळावर ठेवला आणि उजव्या हातात छिन्नी धरली. बोटाला भुवईचं हाड लागलं की गोळ्यावर तेवढंच अंतर धरून छिन्नीच्या टोकानेच हलका ठोका. मग डोळ्याची खाच. मग नाक. प्लास्टर टिकलीएवढं उडायचं आणि खालून आत्याच्या नाकाचा मोडका बाक निघायचा. चार महिन्यांत या चेहऱ्यावरून आपला हात इतक्या वेळा फिरलाय, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. बाबांनी बाहेरून दोनदा हॉर्न वाजवला. आत्या कधी नव्हे ती गप्प होती, आणि खडूला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

ओठ निघाले. अर्धे उघडे, दातासकट. आता डावा जबडा तेवढा राहिला. तिथे हात ठेवायला खडूची बोटं धजेनात, तेव्हा आत्यानेच तिचा हात धरून सुजेवर ठेवला.

"उद्या तो डॉक्टर पण असाच चाचपत बसणार," ती म्हणाली. "माझं कुठलं आणि दुखण्याचं कुठलं. त्याला तरी कुणी नीळ घालून दिलीय?" थोड्या वेळाने म्हणाली, "मला भीती वाटते गं, खडू."

खडूने छिन्नी उचलली, पण आत्याने ती धरली.

"एवढं राहू दे. मी घरी आले की काढ."

"आणि परीक्षा?"

"बघ बाई तुझं तू. पण हे असं अर्धवट टाकून मला कुठे जाता येणार नाही, एवढं खरं."

बाबांनी तिसरा हॉर्न वाजवला. आत्याने पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता लंबूला, चहाचा ग्लास विसळून ठेव म्हणून दम दिला.

परीक्षेच्या दिवशी आत्याचं डोकं स्टँडवर उभं राहिलं ते डाव्या जबड्यावर पांढरं ढेकूळ तसंच ठेवून. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे ठेवण्यामागे काय विचार आहे? खडूने रात्री दोन-तीन भारदस्त उत्तरं जुळवून ठेवली होती. ऐन वेळी तोंडातून निघालं ते एवढंच, की आत्या अजून घरी आलेली नाही. परीक्षकांनी 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि गुण कापले. सर मात्र कामाभोवती पुन्हा पुन्हा फिरत राहिले, आणि सगळे गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर फडकं घातलं.

आत्या आली. दोन वेळा पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन, अर्धी होऊन, पण आली. डोक्यावरून हनुवटीखालून पट्टी बांधलेली, डावी बाजू आत गेलेली. बोलायचं अजून बरेच दिवस नव्हतं. कधी बोलता येईल आणि कसं, ते डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. घर इतकं शांत झालं की बाबा उगीचच भांडी वाजवत बसायचे.

खडू आणि लंबूने ते डोकं उचलून घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आत्याने खुर्ची ओढली, बसली आणि ढेकळाकडे बोट दाखवलं. खडूने छिन्नी घेतली. या वेळी हात ठेवायला तो जबडाच नव्हता. चाचपायचं कुठे? तिने डोळे मिटले, बोटांना जेवढं आठवत होतं तेवढं आठवू दिलं आणि ठोका घातला. ढेकूळ सुटलं. अख्खं, एका तुकड्यात. खाली आत्याचा डावा जबडा होता, गोल, भरलेला, मधोमध थोडी सूज. त्यावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

आत्याने त्यावरून तळवा फिरवला. मग तोच तळवा पट्टीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बाबा पाठ फिरवून उभे राहिले. खडूला वाटलं, आपण हे करायला नको होतं, हे समोर आणायलाच नको होतं, आणि ती घाईघाईने मूर्तीवर फडकं टाकायला गेली.

आत्याने तिचं मनगट धरलं. पट्टी ताणत तिचे ओठ उघडले, अर्धेच, या वेळी उजवीकडे जास्त, खालचा एक दात पुढे. आवाज आला नाही. टेबलावरचं तोंडही तसंच उघडं होतं.

"हो आत्या," खडू म्हणाली, "इथेच आहे मी. बोल."