आडवे नऊ, उभे सहा

घराचा आकार ठरवणं हा माणसाच्या आयुष्यातला लग्नाच्या खालोखाल गंभीर निर्णय आहे. त्याला दूरदृष्टी लागते, संयम लागतो, पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं भान लागतं. कुडव्याच्या इंदरलाल कटरे गुरुजींनी हा निर्णय पानठेल्यावर, तंबाखूचा खर्रा घोटून होईपर्यंत घेतला.

मिस्त्रीने विचारलं, "गुरुजी, खोल्या किती काढू?"

गुरुजी म्हणाले, "पोरीच्या लग्नात पाहुणे झोपतीन कुठं?" आणि मिस्त्रीला बोलू न देता स्वतःच म्हणाले, "आठ काढ."

पोरगी, म्हणजे सोनिका, तेव्हा चौथीत होती.

यथावकाश सोनिकाचं लग्न झालं. बालाघाटचा जावई मिळाला. लग्न लॉनमध्ये झालं, कारण आता लग्न लॉनमध्येच होतं. आणि पाहुणे लॉनच्याच खोल्यांत उतरले, कारण तिथे एसी होता. कुडव्याच्या आठ खोल्यांत लग्नाच्या रात्री एकच म्हातारा मुक्कामाला होता. तो दुसऱ्याच लग्नाला आला होता. पत्ता चुकला होता. गुरुजींनी त्याला सकाळी पोहे खाऊ घालून, पाया पडून पाठवलं.

मग मुलगा धनेंद्र नोकरीला पुण्याला गेला. गुरुजी निवृत्त झाले. घरात दोन माणसं उरली आणि आठ खोल्या. शिवाय मागे राईस मिल. मिलमधून भुशाचा बारीक गर्दा उडतो, तो कुडव्यात सगळ्यांच्या घरी सारखाच पडतो. फरक एवढाच, की इतरांच्या घरी तो दोन खोल्यांत पडून संपतो.

हा गर्दा झाडायचं काम गुरुजींच्या पत्नी ओमेश्वरीबाई करत. सकाळी पहिल्या खोलीत झाडू धरला की आठवीत पोचेपर्यंत पहिलीत पुन्हा गर्दा झालेला असे. कामवाल्या बाया यायच्या, दारातून आत डोकवायच्या, एकामागे एक दारं मोजायच्या आणि "उद्या येतो" म्हणून जायच्या. शेवटी ओमेश्वरीबाईंच्या गुडघ्याने जाहीर केलं की आता आपल्याच्याने होणार नाही. डॉक्टरने सांगितलं, वाकू नका.

"अजी, आयकता का," त्या गुरुजींना म्हणाल्या, "दोन खोल्यांचं घर पाहा. मले झाडता येईन एवढं."

"मंग सात खोल्या बंद ठेव ना. एकच झाड."

"बंद खोलीतला गर्दा काय मेला राहते? मले डोळे मिटले का दिसते तो."

"अन पाहुणे आले तं?"

"कोण पाहुणे? सोनिका येते तं दुपारी येते, चारले जाते. तिच्या गाडीचं इंजिनही थंडं होत नाई."

"येतीन," गुरुजी म्हणाले. ज्या सुरात त्यांनी चौतीस वर्षं पोरांना "पेपरात येईल" म्हणून सांगितलं, तोच सूर होता. पेपरात बहुधा येत नसे.

तरी गुडघा दिवसेंदिवस सुजतच चालला, तेव्हा गुरुजी एकदाचे फ्लॅट पाहायला तयार झाले. नुसता पाहायला. गोंदियात, बाजाराला लागून, दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट. दोन खोल्या आणि एक हॉल. दाखवायला दलाल टिंकू हजर होता.

"काकाजी, एकदम मस्त हवादार है. कारपेट एरिया..."

"थांब बापू," गुरुजी म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, टोपी काढून टिंकूच्या हातात दिली आणि हॉलच्या फरशीवर भिंतीला लागून आडवे झाले.

टिंकू घाबरला. "काकाजी, बीपी है क्या?"

"काही नाई झालं त्यायले," ओमेश्वरीबाई म्हणाल्या. "मोजून राहिले."

कटरे घराण्यात घर चौरस फुटांत मोजत नाहीत. किती माणसं मावतात, ते झोपून मोजतात. गुरुजींच्या वडिलांनी गावचं घर असंच मोजलं होतं, आजोबांनी गोठासुद्धा. एक माणूस झोपला की त्याच्या खांद्यापाशी खडूने खूण करायची, तो कूस बदलून खुणेपलीकडे सरकतो, पुन्हा खूण. गुरुजींच्या खिशात खडू होताच. निवृत्त झाल्यावर माणसाच्या खिशात दुसरं काय असतं?

गुरुजी फरशीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळत गेले, आधी आडवे, मग उभे. समोरच्या फ्लॅटची बाई दार उघडून बघत होती, तिने दार लावून घेतलं.

"आडवे नऊ," गुरुजी उठत म्हणाले. "उभे सहा, पण सहाव्याचे पाय दरवाज्यात. टिंकू, रात्री कोणी पाणी प्याले उठला तं सहाव्याले तुडवीन का नाई?"

"काकाजी, आप दोनोंच राहणार ना?"

"आज दोघं आहोत."

"अन उद्या?"

"उद्या येतीन," गुरुजी म्हणाले, आणि फ्लॅट नापास झाला.

परत येताना ओमेश्वरीबाई स्कूटीवर मागे बसल्या होत्या. फाट्यावर म्हणाल्या, "मे महिन्यात सोनिकाच्या पोरीचं जावळ आहे. मामाच्या मांडीवर काढावं लागते. आपल्या घरी करू. सगळ्यायले बोलवा. मुक्कामाले बोलवा."

"हाव, बोलवू ना!"

"आठ खोल्यांत पाहुणे झोपले तं मी मरेपर्यंत झाडीन, तोंडातून शब्द काढणार नाई. नाई झोपले तं टिंकूले फोन लावा."

गुरुजींनी स्कूटी थांबवून, मागे वळून, हातावर हात मारला. एवढा सोपा पेपर त्यांना जन्मात कोणी काढून दिला नव्हता.

त्यांनी आमंत्रणं अशी केली, की नाही म्हणायची कोणाची हिंमत होऊ नये. केशोरीचे साडू दुलीचंद बायको-सुनांसह आले. बालाघाटची मंडळी दोन गाड्या भरून आली. धनेंद्र पुण्याहून आला. गुरुजींनी सातही खोल्यांत गाद्या टाकल्या, चादरी ताणून घातल्या, दर खोलीत उशाशी पाण्याचा लोटा ठेवला आणि दारादारावर खडूने नावं लिहिली. दुलीचंदांची, जावयाची, व्याह्यांची. आठवी खोली त्यांची स्वतःची. तीत कुलर होता. घरात कुलर एकच. बाकी खोल्यांत पंखे. "पंख्यानं भागते," असं गुरुजींचं मत होतं आणि कुलरच्या खोलीत बसूनच ते मांडत.

जावळ झालं. पोरगी मामाच्या मांडीवर अशी रडली, की मामाही रडायला आला. जेवणं झाली. मे महिना होता. स्लॅब दिवसभर तापून आता खोल्यांत उष्णता परत करत होता, व्याजासकट. संध्याकाळी ओमेश्वरीबाईंनी कुलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला, टाकीत पाणी ओतलं आणि वर बर्फाची लादी सोडली. हा डाव होता असं म्हणता येणार नाही. त्या अजूनही नाही म्हणतात.

गुरुजी अंगणात बाजेवर झोपले. यजमानाने बाहेर झोपायचं असतं. आत आठ खोल्या भरल्या आहेत या समाधानात त्यांना चांगली झोप लागली.

सकाळी उठून ते चहाचं विचारायला दुलीचंदांच्या खोलीत गेले. चादर काल ताणली तशीच होती. एक सुरकुती नाही. त्यांना वाटलं, साडू लवकर उठले, पहाटे फिरायला गेले असतील. मग व्याह्यांच्या खोलीत गेले. तिथेही लोटा भरलेला, गादी कोरी. जावयाच्या खोलीत एक मांजर होतं. तेही पंख्याखाली पंजे पसरून हताश पडलं होतं.

आठव्या खोलीचं दार त्यांना पूर्ण उघडता आलं नाही. मागे कोणाचे तरी पाय होते. फटीतून त्यांनी पाहिलं. व्याही दुलीचंदांच्या पोटावर पाय टाकून झोपले होते. जावई कपाटाला टेकून बसल्या बसल्या घोरत होता. पलंगावर बायका, पलंगाखाली धनेंद्र. ज्या पोरीचं जावळ काढलं होतं, ती कुलरच्या तोंडापाशी मांडलेल्या परातीत चादर टाकून झोपली होती. आतून वाळ्याचा गारेगार वास येत होता.

ओमेश्वरीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "मोजा," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी मोजलं. खिशातला खडू काढायची गरज नव्हती. "सतरा," ते हळूच म्हणाले.

"ही खोली टिंकूच्या हॉलाहून लहान आहे."

"पाय दरवाज्यात आले ना पण."

"अन काही बिघडलं?"

तेवढ्यात पाणी प्यायला उठलेले दुलीचंद खरोखरच कोणाला तरी तुडवून बाहेर आले. "वा साडभाऊ!" ते म्हणाले. "किती दिवसानं अशी झोप लागली. घर लय मोठं आहे बा तुमचं. कायले बांधलं एवढं?"

गुरुजींनी मिशीवरून हात फिरवला. पाहुण्यांना चहा दिला, नाश्ता दिला, गाड्या निघेपर्यंत हात हलवला. शब्द दिला होता, हातावर हात मारला होता. मग फोन लावला.

"टिंकू, तो फ्लॅट आहे का अजून?"

"आहे ना काकाजी. उभे सहा वाला?"

"भाड्याने पाहू आधी," गुरुजी म्हणाले.

ते जूनमध्ये राहायला गेले. ओमेश्वरीबाई सकाळी झाडू हातात घेत आणि चहा उकळायच्या आत ठेवून देत. पहिले काही दिवस त्यांना काहीतरी विसरल्यासारखं वाटे. गुडघ्याची सूज उतरली. गुरुजींनी हॉलच्या भिंतीपाशी राहिलेल्या खडूच्या खुणा पुसू दिल्या नाहीत.

यंदा मे आला. फ्लॅटला दुपारनंतरचं ऊन लागतं, आणि खिडकीला लोखंडी जाळी पक्की बसवलेली आहे. कुलर बसत नाही. त्यामुळे दोघं रोज संध्याकाळी डबा घेऊन स्कूटीवर कुडव्याला झोपायला येतात. सात खोल्यांना कुलूप असतं. ओमेश्वरीबाई तेवढी कुलरची खोली झाडतात.