तिसऱ्या फेरीचा दाणा

“जगातला इन्साफ मेला असंल,” व्यंकटीनं हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “पर ह्या खिशात अजून जित्ता हाय.” आणि त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घालून इन्साफ बाहेर काढला. तळहातावर तीन हरभरे निघाले. सोबत कधीतरीचं एसटीचं तिकीट, आणि कागदाला चिकटलेली ॲसिडिटीची अर्धी गोळी.

आजूबाजूला ‘चोर, चोर’ असा ओरडा चालला होता. नांदेडच्या त्या हॉलमध्ये मुलींच्या मुष्टियुद्धाची अंतिम लढत नुकतीच संपली होती. पाच पंचांनी तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला आणि निळ्या कोपऱ्यातल्या लातूरच्या शिवानीचा हात वर गेला. लाल कोपऱ्यातली विशाखा, म्हणजे व्यंकटीची नात, दोरीखालून वाकून निघून गेली.

हरभऱ्यांचा कायदा अकरा वर्षांचा होता. अण्णारावच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात दर रविवारी दुपारी टीव्हीवर बॉक्सिंग लागायचं. फेरी लाल कोपऱ्याची वाटली तर खिशात हरभरा टाकायचा, निळ्याची वाटली तर मक्याचा दाणा. टीव्हीचा आवाज बंद, कारण बॉक्सरपेक्षा समालोचकाचेच ठोसे जास्त लागतात, असं अण्णारावचं मत होतं. लढत संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, मग टेबलावर मुठी उघडायच्या. दुकानात येऊन बसणारे बाकीचे लोक आपापल्या पद्धतीनं निकाल लावत. कुणी जो पुढं पुढं जातो त्याला जिंकवायचा, कुणी ज्याच्या नाकातून रक्त येत नाही त्याला. एक गृहस्थ तर घंटा वाजल्यावर जो आधी हात वर करून नाचेल त्याला. व्यंकटी त्यांच्याकडं दयेनं बघायचा. एसटीच्या वर्कशॉपात त्यानं तीस वर्षं टायरवर पाना मारून हवा ओळखली होती. आवाज येईल तसा सांगायचा, मग गाडी साहेबांची असो की कुणाची. त्याचे दाणे आणि अण्णारावचे दाणे सहसा जुळायचे, आणि टीव्हीवरच्या पंचांचे जुळले नाहीत तर ते पंचांचं चुकलं, असं दोघांचं ठरलेलं होतं.

“उघड मूठ,” व्यंकटी शेजारच्या खुर्चीवरल्या अण्णारावला म्हणाला.

“चहा घेऊ अगोदर,” अण्णाराव म्हणाला.

“मूठ उघड, अण्णा.”

अण्णारावनं मूठ उघडली. एक हरभरा, दोन मके.

“हे काय हाय?”

“मका हाय.”

“ते दिसून राहिलं मला. कामून हाय?”

“पहिली फेरी आपल्या पोरीची. दुसरी अन् तिसरी शिवानीची. थोडक्यात, पर तिचीच.”

“लातूर तुझी सासुरवाडी. तवाच म्हणलं.”

“सासुरवाडीसाठी मी दाणा काय, फोलपट बी टाकणार न्हाई, तुला ठाऊक हाय.”

व्यंकटीनं स्पर्धेच्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर अर्ज लिहून काढला होता. ‘प्रति, मा. संयोजक. सदर लढतीत माझ्या नातीस प्रतिस्पर्धी मुलीचा एकही ठोसा लागलेला नाही, याचे आम्ही दोघे प्रत्यक्ष साक्षीदार आहोत.’ खाली आपली सही करून त्यानं शेजारी अण्णारावपुरती जागा सोडली होती. तो कागद त्यानं पुढं सरकवला.

अण्णारावनं वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला.

“एकही न्हाई? तिसऱ्या फेरीत तिनं उजव्या बरगडीवर चार हाणले, बाबा. विशाखानं मारलं की तू खुर्चीतून उठून राहिलास, शिवानीनं मारलं की चष्मा पुसून राहिलास. ते चार पडले तवा तू मागच्या माणसाला सांगत होतास, ही माझी नात हाय म्हणून.”

“बरं, समज मी खोटंच लिहिलंय. तरी कर सही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मागून राहिलो. दोस्ताखातर.”

“दोस्ताखातर दुकान माग. दाणा मागू नको.”

“दुकानात तुझ्या जळक्या मोटारी सोडून हाय काय.”

अण्णाराव हसला नाही. पिशवी उचलून तो चार रांगा मागं जाऊन बसला, घरी मात्र गेला नाही. व्यंकटी पाठमोरा ताठ राहिला. पाच पंचांचं त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं, ते बाहेरगावचे, टोपी घालून आलेले लोक. पण बायको गेली त्या आठवड्यात ह्याच अण्णारावनं दुकानाला कुलूप लावून रोज व्यंकटीच्या ओट्यावर बसून काढली होती दुपार, एक शब्द न बोलता. तो माणूस मका टाकतो. एकवेळ एक टाकला असता तर समजून घेतलं असतं. दोन टाकले.

हॉल रिकामा होत आला तेव्हा विशाखा आली. ट्रॅकसूट चढवलेला, बॅग डाव्या हातात.

“अण्णा आजोबा तिकडं कामून बसले?”

“त्याचं नाव काढू नको. त्यानं मका टाकला.”

“किती?”

“दोन.”

विशाखानं बॅग खाली ठेवली. मागं वळून अण्णारावकडं पाहिलं.

“मंग बरोबर हाय त्यांचं.”

व्यंकटीनं अर्ज तिच्यापुढं धरला. अण्णारावच्या जागेवर बोट ठेवलं.

“हितं तू कर सही. संयोजकांनी अजून टेबल उचललं न्हाई. पळत जातो.”

तिनं डाव्या हातानं कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. एका ओळीपाशी थांबली.

“एकही ठोसा न्हाई, आबा?”

“एकही न्हाई. म्या डोळ्यानं पाहिलं.”

विशाखा शेजारच्या खुर्चीवर बसली, सावकाश, एका अंगानं. कागद मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं पाठ केली.

“जाताल मंग. पहिले हे वेणीचं रबर तेवढं काढून द्या. माझा हात वर जाईना.”